फुटक्या दातांचे निर्लेखन थांबवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
व्यवस्थापन मंडळ

विषय : भूविज्ञान विभागाच्या जीवाश्मसंग्रहाबाबतचा ठराव मागे घेण्याविषयी

महोदय,

आपल्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागातील जीवाश्मसंग्रहाविषयी मंडळाने केलेल्या ठरावाची प्रत मला वाचायला मिळाली. त्यात तीन गोष्टी ठरल्या आहेत. दिसायला भव्य असलेले नमुने घासूनपुसून, त्यांवर व्हार्निशचा हात फिरवून ते नव्या ‘वारसा दालना’त मांडायचे, विभागाची खोली संगणककक्षासाठी मोकळी करून उरलेले नमुने मैदानाच्या कडेच्या टिनाच्या शेडमध्ये हलवायचे, आणि ‘फुटके, दुबार अथवा नामनिर्देश नसलेले’ नमुने निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कायमचे कमी करून, त्यांची विल्हेवाट लावायची. या विभागात मी निवृत्तीपर्यंत शिकवले. संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण ठराव करणाऱ्यांना ते ठाऊकच आहे, आणि नागपुरात व विदर्भात अशी जुनी कपाटे सांभाळणाऱ्या इतर संस्थांच्या चालकांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. पत्र बंद पाकिटातून न पाठवता उघडपणे लिहिण्याचे कारणही तेच.

या संग्रहाशी माझा संबंध केवळ नोकरीपुरता नव्हता. विभागाच्या सहली इटारसीच्या पुढे होशंगाबादला उतरून नर्मदेच्या काठाकाठाने जात असत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये हथनोरा येथे आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडल्यानंतर त्या भागाला वेगळेच वलय आले, पण नदीने धुऊन काढलेल्या वाळूगोट्यांत नामशेष हत्ती, रानबैल, घोडे आणि पाणघोडे यांचे दात व हाडे मिळतात हे भूविज्ञानाच्या लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेल्या, ज्यांनी तोवर संग्रहालयाची पायरीही चढलेली नव्हती अशा विद्यार्थ्यांनी त्या गोट्यांतून उचललेले तुकडे आपल्या कपाटांत आहेत. खालून दुसऱ्या खणात पाणघोड्याची एक अर्धी दाढ आहे. तिच्या झिजलेल्या माथ्यावर बेलाच्या पानासारखा त्रिदळी आकार अजून स्पष्ट दिसतो, एका बाजूला इनॅमलची, म्हणजे दाताच्या टणक बाह्य आवरणाची, निळसर करडी कड फुटून उघडी पडली आहे, आणि काळ्या शाईने लिहिलेला क्रमांक अर्धा पुसला गेला आहे. तिच्यासोबतची चिठ्ठी कसरीने खाल्ली. ठरावाच्या भाषेत ही दाढ फुटकीही आहे आणि नामनिर्देश नसलेलीही; म्हणजे ती आधी जाणार.

माझे म्हणणे एवढेच आहे की आज शास्त्राला सर्वाधिक उपयोगाची वस्तू हीच आहे, आणि तसे का, हे मंडळाने निर्णयापूर्वी कोणाला विचारलेले दिसत नाही.

नामशेष प्राण्याचे आजच्या प्राण्यांशी नाते ठरवायचे तर पूर्वी हाडांच्या व दातांच्या आकारावरच विसंबावे लागे. मग प्राचीन डीएनए वाचता येऊ लागला. पण डीएनए उष्णतेत फार काळ टिकत नाही. दहा लाख वर्षांहून जुना मॅमथचा डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला तो सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतला, आणि सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा, २०२२ मध्ये जाहीर झालेला डीएनए ग्रीनलंडच्या थंडगार गाळातला. आपल्याकडच्या उन्हाने असा मजकूर बहुधा केव्हाच पुसलेला असतो. प्रथिने मात्र त्याहून चिवट निघाली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि त्या साखळीतला क्रम डीएनएनेच ठरवलेला असतो; त्यामुळे डीएनए नष्ट झाला तरी प्रथिनाचा तुकडा शिल्लक असल्यास वंशाच्या मजकुरातील काही ओळी त्यातून परत वाचता येतात. नमुन्यातील प्रथिने वेगळी काढायची, मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांच्या तुकड्यांची वजने मोजायची, त्यावरून अमिनो आम्लांचा क्रम लावायचा आणि तो आजच्या प्राण्यांशी ताडून पाहायचा, अशी ही पद्धत आहे. हाडात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन मिळते. इनॅमलमधील प्रथिने त्याहून दीर्घायुषी असतात, कारण दात घडताना लागणाऱ्या अमेलोजेनिन, इनॅमेलिन व अमेलोब्लास्टिन या प्रथिनांचे काही तुकडे इनॅमल पक्के होताना खनिजाच्या स्फटिकांत कोंडले जातात आणि बाहेरच्या पाण्यापासून बचावतात. अमेलोजेनिनचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असल्यामुळे वाय गुणसूत्रावरचे रूप सापडले तर प्राणी नर होता हेही सांगता येते. एका फुटक्या दातावरून!

याने काय साधले, ते दोन उदाहरणांवरून पाहावे. टॉक्सोडॉन हा दक्षिण अमेरिकेतील गेंड्याएवढा नामशेष प्राणी. डार्विनने त्याची कवटी उरुग्वेमध्ये अठरा पेन्सला विकत घेतली. ती सापडली तेव्हा धड होती, पण पोरांनी दगड मारून तिचे काही दात पाडले होते आणि मग तिचा नेमबाजीसाठी उपयोग केला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे सुमारे १८० मैलांवरच्या दुसऱ्या एका नदीकाठी त्याला एक सुटा दात मिळाला, तो या कवटीच्या रिकाम्या खोबणीत नेमका बसला. हा प्राणी नेमका कोणाचा नातलग, हे पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे उलगडले नाही. त्याच्या एका अवयवावरून एक नाते दिसे, तर दुसऱ्यावरून दुसरे. तो आणि त्याच्याच प्रदेशातला मॅक्रॉकेनिया यांच्या हाडांतील कोलॅजेनचा क्रम २०१५ मध्ये वाचण्यात आला आणि हे दोन्ही प्राणी घोडा, गेंडा व टॅपिर यांच्या गटाचे जवळचे आप्त ठरले. दुसरे उदाहरण जायगँटोपिथेकस या महाकाय वानराचे. त्याची ओळख जगाला झाली ती १९३५ मध्ये हाँगकाँगमधील एका औषधविक्रेत्याकडे मिळालेल्या दाढेवरून. तिथे जुने दात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून कुटून औषधात घालत. आजही या वानराचे काही खालचे जबडे आणि पुष्कळसे सुटे दात यांपलीकडे काही हाती नाही. दक्षिण चीनमधील एका गुहेतल्या, सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाढेच्या इनॅमलमधील प्रथिने २०१९ मध्ये वाचली गेली आणि तो ओरांगउटानचा दूरचा भाऊबंद निघाला. ती गुहा थंड प्रदेशातली नव्हती, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच वर्षी जॉर्जियातील द्मानिसी येथील १७.७ लाख वर्षांपूर्वीच्या गेंड्याच्या दाताने, जिथे डीएनए मिळालाच नाही तिथे, लोकरी गेंड्याशी असलेले आपले नाते प्रथिनांतून सांगितले. २०२५ मध्ये तर कॅनडाच्या आर्क्टिक भागातील दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या गेंड्याच्या दातातून, आणि केनियाच्या तुर्काना खोऱ्यातील, म्हणजे चांगल्याच उष्ण प्रदेशातील, १.८ कोटी वर्षांपर्यंतच्या दातांतून इनॅमलची प्रथिने मिळाल्याचे प्रसिद्ध झाले.

तुर्कानात जमते तर नर्मदेत का जमू नये, हा प्रश्न विचारायला आता जागा आहे. आणि आपल्याकडचे प्रश्न किरकोळ नाहीत. भारतातील नामशेष पाणघोड्यांच्या खालच्या जबड्यात पटाशीचे सहा दात होते. आजच्या पश्चिम आफ्रिकेतील बुटक्या पाणघोड्याशी त्यांचे नाते किती जवळचे, यावर अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. नर्मदेच्या सरळ सुळ्यांच्या हत्तीला पुष्कळ वर्षे आशियाई हत्तीच्या कुळात धरले जात होते. युरोपातील त्याच्या भाऊबंदाचा डीएनए २०१७ मध्ये वाचला गेला तेव्हा तो आफ्रिकेतील जंगली हत्तीच्या जवळचा निघाला, आणि सगळी मांडणी पुन्हा करण्याची वेळ आली. मग आपल्या हत्तीचे काय? शिवालिक टेकड्यांतील महाकाय वानर इंडोपिथेकस चीनच्या जायगँटोपिथेकसचा पूर्वज की केवळ चुलत शाखा, हेही दातांतच दडलेले असू शकते. (त्याचा प्रसिद्ध जबडा बिलासपूरचा, पण ते हिमाचलमधले बिलासपूर, वर्गात हे सांगितले नाही की आमच्याकडची मुले थेट छत्तीसगडची गाडी पकडत.)

या पद्धतीच्या मर्यादा मी लपवणार नाही. कोलॅजेन फार सावकाश बदलते, म्हणून त्यावरून गाय-बैल आणि बायसन यांच्यात भेद करता येत नाही. इनॅमलमध्ये प्रथिने मोजकीच असतात आणि त्यांतून मिळणारा मजकूर तोकडा असतो, त्यामुळे जवळच्या जाती वेगळ्या काढताना ती अपुरी पडू शकतात. डायनासोरच्या हाडात कोलॅजेन मिळाल्याचा २००७ मधील दावा आजही वादात आहे. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या डायनासोर अवशेषांबाबत, किंवा नागपूरच्या जीवाश्मांचा पहिला मोठा अभ्यास करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव दिलेल्या, तेलंगणातील नसकल येथे सापडलेल्या डेक्कनोलेस्टिस या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या सस्तन प्राण्याबाबत मी असे काही मागत नाही. नर्मदेच्या दातांचाही निकाल कदाचित शून्य येईल. पण शून्य आले हे तपासून कळले पाहिजे. तपासण्याआधीच दात भरावात गेले तर तेही कळणार नाही.

आता ठरावाबद्दलच्या माझ्या हरकती.

पहिली आणि सर्वांत गंभीर हरकत टिनाच्या शेडला आहे. प्रथिनाची साखळी तुटते ती पाण्यामुळे, आणि तुटण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. जमिनीत काही हात खोल पुरलेल्या दाताला उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार जवळजवळ जाणवत नाही. तो वर्षभराच्या सरासरी तापमानात पडून असतो. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाखाली दुपारी काय होते ते शेडमध्ये सायकल ठेवणाऱ्या शिपायाला विचारावे. त्यानंतर लगेच जुलैची दमट हवा. हा फेरा दरवर्षी. जमिनीने जे लक्षावधी वर्षे सांभाळले ते कपाटात काही दशकांत जाऊ शकते, ही अतिशयोक्ती नाही. फ्रान्समधील एकाच स्थळावरच्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या रानबैलाच्या हाडांपैकी १९४७ मध्ये काढून संग्रहालयात ठेवलेल्या हाडांतून डीएनए मिळाला नाही आणि २००४ मध्ये नव्याने उकरलेल्या हाडांतून मिळाला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ते संग्रहालय फ्रान्समधले होते. त्यावर टीन नव्हते आणि बाहेर विदर्भाचे ऊन नव्हते. शेडला कूलर बसवू, असे एका सदस्यांनी बैठकीत सुचवल्याचे ऐकले. कूलर हवेत पाणीच सोडतो, महोदय.

दुसरी हरकत व्हार्निशला. रंगकाम करणाऱ्याकडून दात चकचकीत करून घेण्यात संग्रहाची शोभा नसून हानी आहे. ब्रशने घासताना इनॅमलच्या सुट्या कडा उडतात, आणि कोणत्याही लेपामुळे पुढची तपासणी अवघड होते. त्यातही जुन्या पद्धतीने कोणी सरस वापरला तर अनर्थच, कारण सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतले कोलॅजेन. तो हाडात मुरला की मास स्पेक्ट्रोमीटरला नामशेष हत्तीऐवजी गावातली गाय दिसणार. दालन करायला माझा विरोध नाही. लोकांनी हत्तीच्या दाढेजवळ उभे राहून छायाचित्रे काढावीत, मुलांनी प्रश्न विचारावेत, हे मलाही हवे आहे. त्यासाठी साच्यातून काढलेली प्रतिकृती पुरते, आणि तिच्यावर हवे तेवढे व्हार्निश लावता येते.

तिसरी हरकत ‘नामनिर्देश नसलेले’ या शब्दप्रयोगावरून केलेल्या छाटणीला. सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेतून निघालेल्या, कोणत्या प्राण्याचे हे सांगता न येणाऱ्या दोन हजारांहून अधिक हाडांच्या तुकड्यांची कोलॅजेनवरून छाननी झाली. त्यात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवकुळातला निघाला, आणि पुढे २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून कळले की ती निअँडरथल आई व डेनिसोव्हन वडील, म्हणजे दोन वेगळ्या नामशेष मानवगटांतील आईवडील, यांची मुलगी होती. त्या गुहेचे व्यवस्थापन आपल्या ठरावाप्रमाणे चालले असते तर हा तुकडा सर्वांत आधी निर्लेखित झाला असता. ‘दुबार’ म्हणून काढायच्या दातांचेही तेच आहे. नमुना घेताना दाताचा अंश खर्ची पडतो, तो काही मिलिग्रॅमचा असला तरी परत येत नाही. अशा वेळी अखंड, देखणी दाढ न कापता तिच्या शेजारच्या फुटक्या, ‘दुबार’ दाढेतून नमुना घेता येतो. दुबार नमुने हीच खरी शिल्लक आहे.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात. निर्लेखनाच्या समितीत लेखा विभाग आहे, बांधकाम विभाग आहे, भूविज्ञान किंवा प्राणिशास्त्र जाणणारे कोणी नाही. पाच किलोमीटरच्या परिघात, सेमिनरी हिल्सला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे. १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहे. एक पत्र लिहून सल्ला मागण्याइतकेही अंतर नव्हते. जीवाश्मांच्या जतनासाठीच्या कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये मांडला होता हे खरे, पण स्वतःच्या कपाटाची काळजी घ्यायला अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

नर्मदेतून नवे दात आणता येतील, असेही मला तोंडी सांगण्यात आले. येतीलही. पण रेतीघाटांवर यंत्रे लागल्यापासून वाळूगोट्यांचे थर ज्या वेगाने उपसले जात आहेत ते पाहता, कोणत्या थरातून काय निघाले ही नोंद असलेला जुना दात आणि ट्रकमधून पडलेला नवा दात यांची किंमत सारखी नाही. आपल्याकडच्या अनेक चिठ्ठ्या गेल्या असल्या तरी विभागाच्या नोंदवह्या शाबूत आहेत, आणि शाईच्या क्रमांकांवरून बहुतेक नमुन्यांचे ठिकाण पुन्हा जुळवता येईल.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत :

निर्लेखनाच्या कलमाला तातडीने स्थगिती द्यावी, आणि विषयाच्या जाणकारांनी लेखी अहवाल दिल्याशिवाय एकही तुकडा आवाराबाहेर जाऊ देऊ नये.

संग्रह टिनाच्या शेडमध्ये हलवू नये. खोली संगणकांसाठी हवीच असेल तर द्यावी, मी अडून बसणार नाही. पण त्याऐवजी तळमजल्यावरची, उत्तरेकडे तोंड असलेली एखादी पक्क्या छताची खोली द्यावी. संगणककक्षासाठी जे वातानुकूलन बसणार आहे त्याचा एक छोटा वाटा दातांच्या दोन कपाटांना मिळाला तरी निभेल.

कोणत्याही मूळ नमुन्याला व्हार्निश, लाख, सरस वा फेविकॉल लावू नये. दालनासाठी प्रतिकृती कराव्यात.

नोंदवह्यांचे स्कॅनिंग करून संग्रहाची सचित्र यादी सर्वांसाठी खुली करावी. ती पाहून हैदराबादची सीसीएमबी (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र), लखनौची बिरबल साहनी संस्था किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज यांसारख्या, प्राचीन जीवांच्या अवशेषांवर काम करणाऱ्या संस्थांशी बोलता येईल. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याची वेळ आली तर लेखी करार असावा, मूळ दाताचा मोठा भाग नागपुरातच राहावा आणि संशोधनात आपल्या विद्यार्थ्यांचा सहभाग असावा. एकोणिसाव्या शतकात फाल्कनर व कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी शिवालिकमधून गोळा केलेले जीवाश्म लंडनला गेले आणि त्यांच्या अभ्यासासाठी आपल्या लोकांना समुद्र ओलांडावा लागला. तसे पुन्हा व्हायला नको.

या कामाला मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. म्हणून सांगतो की यादी करण्याचे काम मी आणि विभागाचे काही माजी विद्यार्थी विनामोबदला करण्यास तयार आहोत. आम्हाला लागतील त्या कपाटांच्या किल्ल्या, दोन टेबले आणि विभागाच्या जुन्या नोंदवह्या. ठरावानुसार हलवाहलव उन्हाळी सुट्टीत व्हायची आहे. तेव्हा मंडळाने आपला निर्णय एप्रिल संपण्यापूर्वी लेखी कळवावा. स्थगिती मिळाली तर किल्ली हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही कामाला लागू. नाही मिळाली तर हीच हरकत, नमुन्यांच्या छायाचित्रांसह, विद्यापीठाकडे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दाखल करीन.

आपला,
भूविज्ञान विभागातील एक निवृत्त प्राध्यापक
नागपूर